आखाडाआधी मुंबई

९ जून १९७८, शुक्रवार

लग्नाला महिना होत आला आणि माझा नवरा कसा आहे हे मला अजून माहीत नाही. दिसायला कसा आहे ते माहीत आहे. उंच, सावळा, कपाळावर विभूती, नखांत ग्रीस. सोलापुरात सात रस्ता चौकात मामंजींचं इंजिन-पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे हे सकाळी जातात आणि दिवेलागणीनंतर येतात. पण माणूस म्हणून कसा आहे ते विचारू नका. बोलला तर कळेल ना!

ही डायरी कुठल्याशा पंप कंपनीनं दुकानाला भेट दिलेली. घरात कुणालाच नको होती, म्हणून मी उचलली. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, ती कोरीच ठेवली. माझं सोलापूर मे महिन्यात सुरू झालं.

घर भरलेलं आहे. सगळे आपसात कानडी बोलतात आणि माझ्याशी मराठी. मी करमाळ्याची, आमच्याकडे आबा, आई, शिवशरणदादा सगळे मराठीच. आबांनी स्थळ बघताना 'आपलेच लिंगायत आहेत, सचोटीचे व्यापारी आहेत' एवढं बघितलं. जेवताना पंगत कशावर हसते हे पोरीला कळणार नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आम्हा दोघांना झोपायला माळा दिलाय, फळ्यांचा. जिन्याच्या तोंडाशी मायाक्का झोपतात. मायाक्का म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, घरात त्यांचा शब्द शेवटचा. वर कुणी कूस बदलली तरी खालून आवाज येतो, "काय पायजे का रे चन्नवीर?" आता अशा ठिकाणी नवी नवरी काय बोलणार आणि नवरा काय बोलणार! हे नुसते आढ्याकडे बघत पडतात. आढ्यात काय आहे ते मीही बघितलं. काही नाही.

१२ जून, सोमवार

आज नवल घडलं. हे बोलले!

सोमवार म्हणून सिद्धेश्वराला गेलो. हे पुढे, मी मागे, मध्ये मायाक्का. देवळाच्या पायऱ्यांवर मायाक्कांना कोणी जुनी ओळखीची भेटली आणि दोघी तिच्या सुनेच्या बाळंतपणात शिरल्या. तळ्याच्या कठड्याशी आम्ही दोघंच उरलो. ही संधी सोडली तर पुन्हा दिवाळीपर्यंत मिळायची नाही, म्हणून मी सरळ विचारलं, "तुम्हाला कुठं जावंसं वाटतं हो?"

इतका वेळ गेला की मला वाटलं ऐकलंच नाही. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "मुंबईला. तितं एक गोल घर बांदलंय म्हणं. आत खुर्च्यांवर बसवतात, अंधार करतात आणि सगळं आकाश दाखवतात."

"दिवसा?"

"दिवसा."

"आणि आभाळ भरलेलं असलं तर?"

"आत कसलं आभाळ भरतंय," म्हणाले आणि चक्क हसले. डाव्या गालाला खळी पडते. महिनाभर मला पत्ता नव्हता!

माझी करमाळ्याची मैत्रीण लग्नानंतर महाबळेश्वरला जाऊन आली. मधुचंद्र म्हणे. ती सांगत होती, तिथे फक्त दोघंच असतात, चहासुद्धा दोघांचाच येतो. तेव्हा मी हसले होते. आज परत येताना मायाक्कांच्या मागून चालत मी ठरवून टाकलं, आपण मुंबईला जायचं.

१५ जून, गुरुवार

तीन दिवस डोक्यात मुंबईच आहे. लॉजवाले लग्नाचा दाखला मागतात का? मंगळसूत्र पुरतं का? लिंगपूजेला पाट मागितला तर देतील का, की आपलाच न्यायचा? आणि मुख्य म्हणजे मधुचंद्राला गेलेली माणसं दिवसभर करतात काय? स्वयंपाक नाही, धुणं नाही, दुकान नाही. सकाळी उठल्यापासून नुसतं एकमेकांकडे बघायचं? मैत्रिणीला नीट विचारून घ्यायला हवं होतं.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. एक दिवस समुद्र, एक दिवस ते गोल घर आणि एक दिवस जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा रस्त्यानं नुसतं हिंडायचं. आणि विचारायचं. मला खूप विचारायचं आहे. बघायला आला होतात तेव्हा माझ्याकडे न बघता चुलीकडे का बघत होतात? इंजिन सुरू झालं की शीळ का घालता? मी केलेली आमटी खाऊन काहीच का म्हणत नाही? ती वाईट असते का?

काल माळ्यावर अगदी कुजबुजत यांना माझा बेत सांगितला. "अप्पांना विचारतो," म्हणाले. खालून लगेच मायाक्का: "काय विचारतो रे?"

१८ जून, रविवार

यांनी विचारलं. मामंजी इतक्या चटकन हो म्हणाले की मला आनंदानं काय करावं सुचेना. "जावा की! कोण नको म्हणतंय? लग्नानंतर देवदर्शन व्हायलाच पायजे."

इथपर्यंत छान होतं. मग सुपारी कातरत म्हणाले, "जाताच हाय तर मीबी येतो. गुडघे एकदा मुंबईच्या डॉक्टरला दाखवतो. लई दिवस म्हणतोय."

मायाक्का म्हणाल्या, "मला म्हालक्ष्मीची ओटी भरायची हाय. नवस हाय माझा."

मग थोरल्या नणंदबाई मुलांना घेऊन अक्कलकोटहून येतील, त्यांनी कुठे समुद्र बघितलाय. मग धाकटे दीर सामान उचलायला हवेत. "लॉज कशाला?" मामंजी म्हणाले. "माटुंग्याला आपले चुलते हायत की. ऐसपैस खोली हाय. सगळे मिळून झोपता येतंय."

मधुचंद्राला निघालेली माणसं मी मोजायला घेतली आणि सोडून दिलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. इथे तर दगड आपणहून अंगावर घेतला. माळ्यावर निदान फळ्यांवर आम्ही दोघंच असतो, माटुंग्याला मायाक्का आमच्या मध्ये असतील.

सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. भाकरी थापता थापता एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. त्यांना हे आमचं खूळ मुळीच पसंत नाही, मी ओळखलं. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.

२० जून, मंगळवार, कारहुणवी

आज बैलांच्या सणाचं पुरणाचं जेवण. सगळी पंगत मुंबईबद्दल बोलत होती. मायाक्का ओटीचा खण कुठला घ्यावा ते सांगत होत्या आणि नणंदबाई मुलांसह हजर झालेल्या. यांनी पोळीचा शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुंबई रद्द. पेरणीचे दिवस हायत, दुकानात इंजिनं येऊन पडल्यात."

झालं. वर कुणाकडे न बघता हात धुवायला गेले.

मी मागच्या दारी गाठलं. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हटलं, "माझं लग्न तुमच्याशी झालंय की वऱ्हाडाशी? वऱ्हाड येतंय म्हणून मी मनाची समजूत घालत होते. तुम्ही तर तेही मोडलंत. तोंडात जीभ आहे की नुसता नटबोल्ट?"

हे नखातलं ग्रीस खरवडत उभे राहिले. "हळू बोल," एवढंच म्हणाले. हौदावर सासूबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे.

मला भित्र्या माणसाचा राग येतो. आणि खळी पडते म्हणून माणूस शूर असतो असं कुठे आहे?

२५ जून, रविवार

पाच दिवस झाले, मी यांच्याशी बोललेले नाही. अडचण अशी की यांना ते कळलंय की नाही हेच कळत नाही. न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आज दुपारी मायाक्कांनी मला समोर बसवून सांगितलं, "आखाड लागायच्या आत तुला करमाळ्याला सोडायचं हाय. पयल्या आखाडात सुनेनं सासूचं तोंड बघायचं न्हाई."

"पण आखाडात नवरा-बायकोनंसुद्धा भेटायचं नाही का?" मी विचारलं. मला खरंच कुतूहल होतं.

"न्हाई म्हंजे न्हाई. आखाडात दिवस गेले तर पोर चैताच्या उन्हात जन्मतंय. बाळंतिणीचे हाल, पोराचे हाल. म्हाताऱ्या माणसांनी उगंच सांगितलंय व्हय?"

तेवढ्यात मामंजींनी पंचांग बघून ठरवलं. बुधवारी, पाच तारखेला, अमावस्या आहे, गुरुवारी आखाड लागतो. अमावस्येला निघायचं नाही, तेव्हा सोमवारी तीन तारखेला निघायचं. हे मला जेऊरला उतरवणार, तिथे दादा न्यायला येणार आणि हे तसेच पुढे धरणाकाठच्या गावांत पंपांच्या कामाला जाणार. शुक्रवारी परत.

म्हणजे करमाळ्यापर्यंतसुद्धा यायचं नाही. स्टेशनवरच पार्सल उतरवायचं!

संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाई आणि हे बराच वेळ कानडीत हळू हळू बोलत होते. मी पाणी घ्यायला गेले तर दोघं गप्प. त्याआधी मला 'मुंबई' असा शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला. माझ्या वेडाला हसत असणार. आईनं लेकाला शहाणं केलं असणार.

२९ जून, गुरुवार

आता काळजी वाटायला लागलीय.

हे काल धरणाकाठी कुणाचा तरी बंद पडलेला पंप दुरुस्त करायला गेले होते, रात्री आले. आज सदरा धुवायला घेतला तर खिशात कुंकवाची पुडी. कमलाभवानीच्या देवळाबाहेरची. ती पुडी मी झोपेतही ओळखीन, तशी घडी फक्त आमच्याकडेच घालतात. म्हणजे हे करमाळ्याला जाऊन आले. आमच्या घरी गेले असणार. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही.

बायकोला न सांगता जावई सासऱ्याकडे कशाला जातो? मला एकच कारण सुचतं, तक्रार करायला. मुलगी उलट बोलते, वऱ्हाड म्हणते, नटबोल्ट म्हणते.

आणखी चमत्कारिक म्हणजे, सकाळी मी पाट मांडत होते तर हे खाली बसले आणि सुतळीनं माझ्या पावलाचं माप घेतलं. का, कशाला, काही नाही. सुतळी खिशात घालून गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा विचारलं, "जेऊरला पॅसेंजर किती वेळ थांबते गं?" मी म्हटलं, "दोन-तीन मिनिटं." यावर नुसतं "पुरे" म्हणाले. मला उतरवायला दोन मिनिटं पुरे!

आणि हात धुताना विचारलं, "तुला पोवायला येतंय का?"

मी घाबरून म्हटलं, "नाही. का?"

"कुटं काय. सहज."

आमच्या परड्यात विहीर आहे. मी आजपासून तिथे एकटी जाणार नाही.

१ जुलै, शनिवार

सामान भरायला घेतलंय. सासूबाई स्वतः येऊन बसल्या. एरवी त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आधी विचारलं, "लांबच्या गाडीत तुला मळमळतंय का गं?" करमाळा काय लांब आहे? मग कडक भाकऱ्यांची ही एवढी चळत आणून ठेवली, वर शेंगाचटणीचा डबा. दुपारी माहेरच्या पानावर बसणार, मला या भाकऱ्या कशाला? आमच्या घरी खायला नाही असं सुचवायचं असेल. मग छत्री. मी म्हटलं, "अव्वा, आमच्याकडे एवढा पाऊस नसतो." म्हणाल्या, "असू दे की. पाऊस काय सांगून येतोय व्हय?" आमचा तालुका त्यांना माहीतच नाही.

आणि शेवटी त्यांनी पेटीतून आपली इरकल काढली, गडद हिरवी, लाल काठाची. मी ती त्यांना एकदाही नेसलेली बघितली नव्हती. माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली. "राहू दे तुज्याजवळ. मला आता काय करायची." डोळ्याला पदर लावला आणि उठून गेल्या.

एका महिन्याकरता माहेरी जाणाऱ्या सुनेला कुणी सासू स्वतःची साडी देते का? हे निरोपाचं देणं आहे. मुलीची बाजू धरून कुणी काही म्हणू नये म्हणून देतात तसं. आमच्या आळीत एकजण आहे, आखाडाला आली ती आठ वर्षं झाली माहेरीच आहे. तिलाही सासूनं येताना भरजरी लुगडं दिलं होतं. ती भावांची पोरं सांभाळते आणि सणाला पुढे येत नाही.

मला यांचा राग आलाय हे खरं. पण मला परत यायचंय. हे आज लिहिताना कळलं. ज्या माणसाबद्दल अजून काहीच माहीत नाही, त्याला सोडून कसं राहायचं? मी विचारून टाकायला हवं. उद्याचा एक दिवस आहे.

२ जुलै, रविवार

विचारलं नाही. हे दिवसभर दुकानात. माळ्यावर आले तेव्हा मी तोंड फिरवून पडले होते, कारण रडू येत होतं. हे बराच वेळ काहीतरी पुटपुटत होते. मराठी होतं, पण नीट ऐकू आलं नाही.

३ जुलै, सोमवार. पुणे स्टेशन

होय, पुणे स्टेशन! लाकडी बाकावर बसून लिहितेय, हे चहा आणायला गेलेत. डायरी मांडीवर आहे, अक्षराला कुणी हसू नये.

सकाळी निघताना सासूबाईंनी ओटी भरली, यांना विभूती लावली आणि "होगि बा" म्हणाल्या. जाऊन ये. मला मात्र म्हणाल्या, "नीट जावा." मायाक्का दारात उभ्या राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होत्या. पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली. कुर्डूवाडीपर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. मी तर बोलणारच नव्हते. कुर्डूवाडीला यांनी पेरू घेतले आणि मला सोलून देऊ का विचारलं. पेरू कुणी सोलतं का? तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणूस घाबरलेला आहे.

जेऊर आलं. फलाटावर दादा उभा, हातात पिशवी. मी पदर खोचला, ट्रंकेला हात घातला. हे जागचे हलले नाहीत.

"उठा की. गाडी थांबत नाही फार."

"म्हायती हाय. बस."

"बस काय? दादा आलाय!"

यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, दादानं पिशवी यांच्या हातात दिली आणि दात काढत मला म्हणाला, "आईनं दशम्या दिल्यात गं. आणि सांगितलंय, पाण्यात लांब जाऊ नका, लाटा मोठ्या असत्यात."

"कुठल्या लाटा?"

दादानं यांच्याकडे बघितलं. "हिला अजून ठाऊक न्हाई व्हय?" आणि इतका हसला की शेजारच्या खिडकीतली माणसंही वळून बघायला लागली. गाडी हलली. तो बरोबर चालत ओरडला, "गुरुवारी येतोय मी हितंच! चार दिवस आमाला ठाऊक न्हाई तुमी कुटं हायसा!"

फलाट संपला, दादा संपला, आणि मी ट्रंकेच्या कडीत हात अडकवून तशीच उभी.

मग यांनी घसा साफ केला आणि बोलायला लागले. पाठ केलेलं होतं ते. रात्री माळ्यावर पुटपुटत होते ते हेच. "मी मुंबई रद्द केली ती सगळ्यांची रद्द केली. आपली न्हाई केली. सगळ्यांदेखत दोगांनीच जातो म्हणालो असतो तर अप्पा नको म्हणाले असते, आणि मला अप्पांना उलट बोलता येत न्हाई. ही माझी चूक हाय. तुज्या आई-आबांना विचारून आलोय. ते हो म्हणाले. गुरुवारी तुला हितं उतरवतो." एवढ्यावर पाठ संपला आणि गाडी थांबावी तसे थांबले.

"मला का नाही सांगितलं?"

"अव्वा नको म्हणली. म्हणली, तिच्या तोंडावर सगळं दिसतंय. मायाक्का वाचंल."

म्हणजे सासूबाई! भाकऱ्या, छत्री, लांबच्या गाडीत मळमळतं का. आणि मी काय काय लिहून ठेवलंय त्यांच्याबद्दल. मागची पानं फाडावीशी वाटतायत, पण फाडणार नाही, असू देत. अक्कल किती होती ते कळेल.

मी मोठ्यानं रडायला लागले. समोरची म्हातारी यांना म्हणाली, "माहेर मागं पडलं म्हणून रडतीय व्हय? रडू दे लेकराला." यांनी आपल्या सामानातून नव्या चपला काढल्या, मागं पट्टा असलेल्या, वाळूत निघून जाऊ नयेत म्हणून. मापाला अगदी बरोबर आहेत.

हे आले. चहा दोनच आणलेत.

५ जुलै, बुधवार, अमावस्या. मुंबई

दोन दिवस लिहायला वेळ झाला नाही. मधुचंद्राला गेलेली माणसं दिवसभर काय करतात ते मला आता कळलंय. बोलतात.

लॉजवाल्यानं दाखला मागितला नाही, यांच्या नखांकडे बघून "मेकॅनिक का?" एवढंच विचारलं. काल समुद्र बघितला. मी समजत होते तळ्यासारखा, मोठा. तसा नाहीच. तो अंगावर येतो. भरतीची लाट कठड्यावरून उसळली आणि आम्ही दोघं छत्रीसकट भिजलो. हे इतके हसले की मला भीती वाटली. आज सकाळी ते गोल घर. दिवे गेले, आकाश आलं, बाजूला बसलेल्या या माणसानं माझा हात धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. त्यामुळे आकाशात काय काय होतं ते मला नीट सांगता यायचं नाही.

माझे प्रश्न मी सगळे विचारले. बघायला आले तेव्हा चुलीकडे बघत होते, कारण माझ्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की पोरगी पसंत आहे. शीळ आपोआप येते. आमटी तिखट असते, पण दुसऱ्या दिवशीही खावीशी वाटते.

सासूबाईंचं विचारलं. त्या यात का पडल्या? यांनी छत्री झटकून कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, "अव्वा म्हणली, माजं लगीन झाल्यापास्नं मी तुज्या अप्पासंगं एकटी कुटंच गेले न्हाई. कायतरी विचारायचं ऱ्हाऊन गेलं. आता काय विचारायचं होतं तेबी आठवत न्हाई." मला एकदम ती इरकल उचलून पोटाशी धरावीशी वाटली. आज तीच नेसले होते.

उद्या पहाटे निघायचं. जेऊरला दादा असेल. उद्यापासूनच आखाड, महिनाभर भेट नाही.

दुपारी पाऊस थांबला तसे हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. खालच्या रस्त्यावर छत्र्या मिटत होत्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "एक मीबी विचारू?"

"विचारा की."

"आखाड संपल्यावर परत येणार न्हवं?"

मला वाटलं थट्टा आहे. पुढे जाऊन तोंड बघितलं तर थट्टा नव्हती. म्हणाले, "माज्या चुलतभावाची बायको मागल्या साली आखाडाला गेली ती आलीच न्हाई. तिकडंच बरं वाटतंय म्हणली. तू त्या दिवसापास्नं नीट बोलली न्हाईस. रात्री तोंड फिरवून रडत होतीस. मला वाटलं, हीबी ठरवून चाललीय. म्हणून म्हणलं, जायच्या आदी एकदा तरी..." पुढचं पाठ केलेलं नव्हतं, म्हणून आलं नाही.

मी खाली कॉटवर बसले. त्या माळ्यावर मी भीत होते की हे मला सोडायला निघालेत. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर हे आढ्याकडे बघत भीत होते की मी यांना सोडून निघालेय. मायाक्का ऐकतील म्हणून आम्ही गप्प होतो असं आता कसं म्हणू? तसं नव्हतंच ते.

"न्यायला कोण येणार?" मी विचारलं. रीतीप्रमाणे दीर येतात, नाहीतर मायाक्का.

"मी येतो."

"आणि कोण?"

"कोण न्हाई. एकटा."

"मामंजी म्हणाले, दुकान सोडून तू कशाला, तर?"

यांनी खूप वेळ विचार केला. मी या वेळी मध्ये बोलले नाही. या माणसाला वेळ लागतो, पण तो येतो, एवढं मला आता माहीत झालंय.

"तर त्यांना सांगीन," म्हणाले, "माजी बायको हाय, मीच जाणार."

मामंजींसमोर बोलून दाखवावं तसं हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं. आवाज शेवटी कापला. मी म्हटलं, "पुन्हा एकदा म्हणा." यांनी पुन्हा म्हटलं. या खेपेला कापला नाही.